तेलंगी मिस्त्री

"ठैरो," असं म्हणून तो डावा पंजा वर करायचा. मान मात्र वर करायचा नाही. रंधा फळीच्या टोकापर्यंत जायचा, फळीवरचा भुसा फुंकून व्हायचा, आणि मग तो म्हणायचा, "बोला." तालुक्याचा साहेब असो की चाक मोडलं म्हणून धावत आलेला शेतकरी, सगळ्यांना तेवढं थांबावंच लागे. ज्याच्यासमोर आपण नकळत हळू बोलतो, असा एखादा कारागीर तुमच्याही गावात असेल. आमच्या मानवतला तो होता.

मूळचा तेलंगणातला, करीमनगरकडचा. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी आला, तेव्हा डोक्यावर हत्यारांची पेटी आणि सोबत विशीतला मुलगा होता. बायको आधीच वारलेली. गाव का सोडलं, असं मी एकदा विचारलं. "घर जळालं," एवढंच म्हणाला. कुणी जाळलं, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत तसं कुणी विचारत नसे.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळा उर्दूची मराठी झाली त्या साली नवी बाकं त्यानंच केली. फळीची खालची बाजूही तो रंधून गुळगुळीत करायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "खाली कोण बघणार आहे?"

"पोरांचे गुडघे लागतेत," तो म्हणाला.

रोज कामाला बसण्याआधी तो हत्यारांना कुंकू लावून तेलुगूत काहीतरी पुटपुटायचा. ताप असला तरी त्यात खंड नसे.

मुलगा पुढं सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात लागला. तिथंच त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. मुलाची पत्रं उर्दूत यायची आणि मी निजामाच्या काळात उर्दूतच शिकलेलो, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. मध्येच राज्यांची वाटणी झाली. आम्ही मुंबई राज्यात गेलो, सिकंदराबाद आंध्रात.

"पोरगा दुसऱ्या मुलखात गेला म्हणायलेत," तो म्हणाला. "गाडी तर तीच जायलीय."

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक कार्ड आलं. अक्षर मुलाचं नव्हतं. शाळेच्या पायरीवरच मी ते वाचलं आणि तसाच त्याच्या कामाच्या छपरीत गेलो.

"मिस्त्री, पत्र आलंय."

"ठैरो."

तो दाराच्या चौकटीला खाच पाडत होता. मी उभा राहिलो. ती खाच कधी संपूच नये, असं मला वाटत होतं. ती संपली. त्यानं पटाशी खाली ठेवली. मी वाचलं. मुलगा तापानं गेला होता. चार दिवस झाले होते, सगळं उरकलं होतं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यानं पेन्सिल घेतली आणि दुसरी खाच आखली. रेघ सरळ आली. मी बराच वेळ तिथं बसलो. खरं सांगायचं तर काही वाटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मानवत रोड स्टेशनावरून गाडीनं गेला आणि सून आणि तान्ही नात यांना घेऊन आला. सुनेचं नाव नरसव्वा. तिला आईबाप नव्हते, भाऊ ठेवून घ्यायला तयार नव्हता. छपरीमागची एकुलती खोली त्यानं तिला दिली आणि स्वतः मारुतीच्या ओट्यावर निजू लागला. तरी लोक सासऱ्या-सुनेबद्दल नको ते बोललेच. त्याच्या कानावर गेलं असणार. तो ओट्यावरच निजत राहिला.

दोन वर्षांनी एका दुपारी तो शाळेत आला.

"मास्तर, एक कागद लिवायचाय."

सोनपेठला त्याच्याच जातीचा एक सुतार होता, बायको वारलेला. नरसव्वासाठी त्याला विचारायचं होतं.

"सुनेचं लग्न तुम्ही लावणार? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो. मी, जो सभांमधून सुधारणेवर बोलायचो.

"लोकं तिचं म्हातारपण सांभाळणारेत का? मी किती दिवस पुरणार? लिवा."

"तिला विचारलंत?"

"विचारलं. आठ दिवस बोलली न्हाई. काल हाव म्हणाली."

सोनपेठहून उत्तर आलं. बाई चालेल, पण मुलगी आजोबांकडंच ठेवावी. वाचताना मला बरं वाटलं. नात दिवसभर त्याच्याजवळ भुशात खेळायची. तो हसायचा तो तिच्यापुरताच.

"निदान ही तरी तुमच्यापाशी राहील," मी म्हणालो.

"न्हाई. मायपासून लेकरू तोडायचं न्हाई. दोघींना नेत असला तर ये म्हणावं. न्हाईतर दुसरा बघू." मी थांबलेला पाहून तो म्हणाला, "लिवायलाव ना?"

माणूस कबूल झाला. विधवेचा पाट रात्री, गुपचूप लावायची रीत होती. मिस्त्रीनं तो सकाळी, मारुतीसमोर लावला. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाईकडून कोण हाय?"

"मी. बाप."

"आन आधीच्या घरधन्याकडून कोण?"

"तो बी माझाच," मिस्त्री म्हणाला.

दोघींना घेऊन बैलगाडी सोनपेठच्या रस्त्याला लागली. तो छपरीत येऊन कामाला बसला. "जेवलात का?" मी विचारलं. "जेवतो," म्हणाला. दिवस मावळेपर्यंत तो उठला नाही.

त्या दिवाळीला तो नरसव्वाला माहेरपणाला आणायला स्वतः सोनपेठला गेला. पुढच्याही दिवाळीला गेला. त्या चार-चार दिवसांत त्यानं कुणाचंच काम घेतलं नाही.

तो वारला तेव्हा मी प्रशिक्षणासाठी परभणीला होतो. महिन्यानं परतल्यावर घरी कळलं. उन्हाळ्यात दोन दिवस आजारी पडला आणि गेला. नरसव्वा वेळेवर पोचली. मुलाच्या जागी उभं राहून अग्नी दिला तो तिच्या सोनपेठच्या नवऱ्यानं.

मी सायकलवरून छपरीकडं गेलो. तिथं एका सायकलवाल्यानं दुकान मांडलं होतं. जमीन झाडून लख्ख केली होती.

"हवा भरायची का, मास्तर?" त्यानं विचारलं.

दोन्ही चाकांत हवा होती. "भर," मी म्हणालो, आणि तो भरेपर्यंत तिथं उभा राहिलो.