पानावरचा अंगठा

"अहो ताई, तुमचं पुस्तक फुकटात मिळालं!" शेजारच्या सुनंदावहिनींनी मोठ्या कौतुकानं माझ्याच कवितासंग्रहाची पीडीएफ मला पाठवली. मी संतापले. न विचारता वाटणं ही चोरीच. कायदा तेच म्हणतो, मीही तेच म्हणत आलेय.

पण फाइल उघडली आणि थबकले. कुणीतरी मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढला होता. प्रत्येक पानाच्या कडेला ते दाबून धरणारा अंगठा दिसत होता, नखात हळद असलेला. म्हणजे कुणीतरी स्वयंपाक आवरून हे करत बसली होती. प्रकाशकानं दुकान केव्हाच बंद केलं. माझी शेवटची प्रत "वाचून देते" म्हणून कुणी नेली, ती गेलीच. माझ्या पुस्तकाचं प्रत्येक पान इतक्या निगुतीनं दुसऱ्या कुणी उलटलं असेल?

आईवरच्या कवितेत तो अंगठा नेमका शेवटच्या शब्दावर आलाय. मला तो शब्द आता काही केल्या आठवत नाही. रोज ते पान मोठं करून बघते.

बाई गं, कोण असशील ती अस. मी रागावणार नाही. फक्त तेवढा अंगठा जरा उचल.