छपराखाली उभा राहणारा

चोपन्न सालच्या मार्गशीर्षात ठाण्यात प्रदर्शनाचे नवे दालन उघडले. तिकीट दोन आणे. दाराबाहेर आम्ही दोघेच होतो, मी आणि नौपाड्यातला आमचा सुतार. बोलण्याआधी बोटाने लाकूड वाजवून बघणारा.

मध्ये एकही खांब नसलेल्या त्या काँक्रीटच्या छपराचा लाकडी साचा त्याने बांधला होता. साच्याखालचे टेकू काढले त्या दिवशी, छप्पर कोसळेल या धास्तीने, सगळे साहेब रस्त्यापलीकडे थांबले. हा एकटा खाली उभा राहिला. "साचा बांधणाऱ्यानं उभं राहायचं, ही आमची रीत."

आता तेच साहेब हार घालून आत बसले होते.

"पास?" दारवानाने त्याला अडवले.

मी भडकलो. "अरे, छप्पर यानं उभं केलंय!"

"राहू द्या, भाऊसाहेब," तो म्हणाला. खिडकीतल्या कारकुनाला त्याने स्वतःचे दोन आणे दिले.