समुद्राकडे दार असलेलं घर

अंगावर लांडगे धावून येत असले तरी दिवेलागणीला आमची मावशी आधी दारात दिवा लावायची. लांडगे कॉम्प्युटरच्या खेळातले, दिवाही खेळातलाच. रीत मात्र तिच्या हिंडलग्याच्या घरातली. "दारात अंधार ठेवून पळायचं न्हाय," म्हणायची आणि लांडग्यांच्या तोंडी मला द्यायची.

निपाणीहून मी बेळगावला शिकायला आले ती शेजारच्या हिंडलग्याला मावशीकडेच राहिले. काका वारल्यापासून ती एकटी होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मी एक खेळ खेळायचे. निर्जन बेटावर लाकडं तोडायची, मासे धरायचे, घर बांधायचं आणि जगून दाखवायचं. मावशी चहाचा कप घेऊन मागं उभी राहायची. एके दिवशी काकांचा जुना लॅपटॉप काढला आणि बाई माझ्या बेटावर उतरल्या.

जन्मभर तिनं शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटी हा तिचा हातखंडा धडा. तरी पहिलं घर तिनं ओहोटीनं उघड्या पडलेल्या वाळूवर बांधलं, तळ्याकाठी बांधावं तसं. वर दार पूर्वेला, आणि पूर्वेला समुद्र!

"मावशी, दार डोंगराकडं कर की."

"घराचं दार पूर्वेलाच असतंय. समुद्राला चालत न्हाय तर त्यानं सरकावं."

समुद्र कसला सरकतोय! भरती आली आणि दार, भिंती, वाळत घातलेले मासे, सगळं घेऊन गेली. मावशी बघतच राहिली. "फळ्यावर लई वेळा काढली गं भरती. अंगावर आज आली." आम्ही इतक्या हसलो की गॅसवरचा चहा उतू गेला.

पण हट्ट सोडेल तर ती मावशी कसली. तिनं घर खांबांवर घेतलं, पुढं दगडांचा बांध घातला. लाटांनी बांध फोडला. मग जाड बांध घातला, तोही घरासकट गेला. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या की सांगायची, "यायला उशीर हुईल, बंदराचं काम चाललंय." गल्लीत तिचं नाव बंदरवाली बाई पडलं.

त्याच सुमाराला मला बेंगळुरूला नोकरी लागली. तिला सांगितलं आणि त्याच दमात म्हटलं, "पण मी जाणार न्हाय. तू एकटी कशी राहशील?" मावशी भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी खेळ उघडला तर तिनं घर पुन्हा उभं केलं होतं, पण बांध घातलाच नव्हता. पूर्वेचं दार होतं तिथंच होतं आणि त्याच्या समोरच्या भिंतीत आणखी एक दार. दोन्ही सताड उघडी. भरती आली. घोटाभर पाणी पुढून शिरलं, घरातून फिरलं आणि मागनं निघून गेलं. घर जागेवर उभं!

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "अडवत होतो म्हणून मोडत होतं. यायला एक दार, जायला एक दार ठेवावं. तू जा गं. मला घर मोडून घ्यायचं न्हाय."

मला रडू फुटलं. तिलाही फुटलं असणार, कारण "भाजी करपली वाटतं" म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली. त्या दिवशी भाजी केलेलीच नव्हती.

पुढं दर रविवारी संध्याकाळी आम्ही बेटावर भेटायचो. ती हिंडलग्यातून, मी बेंगळुरूतून. मासे धरता धरता विचारायची, "जेवण करतीस का नुसतं बिस्कीट खातीस?" मावशी गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्याइतकं मला कुणी जाऊ दिलं नाही, आणि तिच्याइतकं परत यावंसंही कुठं वाटलं नाही.

रविवारी मी अजून बेटावर जाते. पाणी पुढून येतं, मागनं जातं. दारातल्या दिव्यातलं तेल संपलेलं असतं. लांडगे जवळ आलेले असतात. मी आधी दिवा लावते.