दादानं दोन्ही चाव्या दिल्या

माझा दादा जाऊन आज एकवीस दिवस झाले. मला लिहायची सवय नाही, चौथीनंतर शाळा सुटली. लेकीच्या मोबाइलवर एका बोटानं टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या.

दादा चावीवाला. रस्त्याला लागून आमची एक दुकानाची खोली, मागं थोडी मोकळी जागा, वडिलांनी घेतलेली. खोलीत त्याचं चावी कापायचं मशीन, कानशी, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या चाव्या. लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्या भाड्याच्या घरी राहायला आले तर म्हणाला, चला, आता डबा तरी गरम मिळेल.

दहा वर्षांमागं त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन महिने खोली बंद राहणार म्हणून चुलत भावाला लक्ष ठेवायला सांगितलं. दादानं स्वतः बनवलेलं कुलूप लावलं आणि दोन्ही चाव्या त्याच्या हातात दिल्या. मी म्हटलं, अरे, एक तरी ठेव. तर माझ्यावरच डाफरला.

"कुलूप ज्याच्या हवाली केलं, चाव्या त्याच्याच. जास्तीची ठेवतो तो चावीवाला नाही, चोर."

धंद्याचा नियम घरातही पाळला बघा.

दोन महिन्यांनी गेलो तर चुलत भाऊ दारात खुर्ची टाकून बसलेला. म्हणे काकांनी ही जागा माझ्या बापाला तोंडी दिली होती. दादाला म्हणाला, "तूच ताबा दिलास की. एक चावीसुद्धा ठेवली नाहीस."

ते कुलूप उघडायला दादाला एक तार पुरली असती. पण वकील म्हणाले हात लावू नका, उलटी केस होईल, कोर्टच उघडून देईल.

छोट्या कोर्टात चार वर्षं गेली. मग सांगितलं, यात मालकीचा प्रश्न आहे आणि जागेची किंमत आमच्या अधिकाराबाहेरची, वरच्या कोर्टात जा. वरच्या कोर्टात तीन वर्षांनी कुणीतरी कागद काढला, जमीन अजून शेतीची दिसतेय, आधी जमिनीच्या ऑफिसात जा. तिथले साहेब म्हणाले आम्ही फक्त नोंदी बघतो, मालक कोण ते कोर्टानं ठरवायचं. सगळे नीटच बोलले हो. जागा तुझी नाही असं कुणी म्हणालं नाही. तुझी आहे असंही नाही.

लोक म्हणायचे शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. दादा म्हणायचा, मी चढलोच कुठं, ते मला पायरीवरूनच पुढं पाठवतात.

मशीन आत अडकलेलं, म्हणून तो कोर्टाच्या फाटकाबाहेरच पेटी घेऊन बसायला लागला. हातानं कानस मारून चाव्या करायचा. एकदा कारकुनानं कपाटाची चावी हरवली. दादानं दोन मिनिटांत कपाट उघडून दिलं. वरून दुसरी फाईल आमचीच होती. घरी येऊन हसत सांगत होता. मी विचारलं, मग? म्हणाला, मग काय, उघडून दिलं आणि आलो.

दर शनिवारी मात्र खोलीकडं जायचा आणि कुलपात दोन थेंब तेल सोडायचा. चुलत भाऊ आतून कडी लावून मागच्या दारानं ये-जा करायचा, पुढचं कुलूप तसंच लटकलेलं. तो खिडकीतून बघून हसायचा. दादा म्हणायचा, कुलपानं काय वाकडं केलंय माझं, कोर्टाचा माणूस येईल तेव्हा अडकायला नको.

शेवटी छातीत कफ झाला. जायच्या आदल्या दिवशी मला विचारलं, "आता कुठल्या कोर्टात आहे गं आपलं?"



परवा शनिवारी मी तेलाची बाटली घेऊन गेले. दाराला नवंकोरं कुलूप, दुकानातलं. दादाचं कुठं टाकलं कोण जाणे. तशीच वकिलांकडं गेले. ते म्हणाले वारस म्हणून तुमचं नाव लावू, कुलूप बदलल्याचा अर्ज वेगळा करू. फक्त तो कुठं करायचा ते आधी बघावं लागेल.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. बाटली अजून पिशवीतच आहे.