ईशान्य कोपऱ्यातलं पेव

देवावर माझा विश्वास होता, नाही असं नाही. पण तो ओळखीच्या दुकानदारावर असतो तसा. माल चांगला देईल, तरी तागडीकडे एक डोळा ठेवलेला बरा. वेशीवरच्या मारुतीला मी दर शनिवारी तेल घालत असे आणि घालता घालता गेल्या शनिवारी काय मागितलं होतं, त्यातलं किती मिळालं, याची मनातल्या मनात उजळणी करत असे. अशा माणसाला देवानं कसं सांभाळलं ते सांगायला बसलो आहे. त्यात माझी शोभा होणार आहे, पण ती टाळली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वडील लवकर गेले. मायनं मला दुसऱ्यांच्या पडवीत, दुसऱ्यांच्या ओसरीत राहून वाढवलं. तिचं मागणं एकच होतं. "माह्या दाराले माही कडी पाह्यजे," ती म्हणायची, "मी आतून लावीन, मी आतून काढीन. कोनाले इचारनार नाही." गावाच्या कडेला एका जुन्या मालकाचं खळं होतं. ते घराणं माझ्या जन्माआधीच गाव सोडून गेलेलं, जागा मोकळी पडलेली. ती मी घेतली आणि घर बांधायला काढलं. माय सत्तरीला आलेली, गुडघे गेलेले. तिच्या हातानं ती कडी लागावी, एवढाच त्या घराचा अर्थ होता. निदान पाया खणेपर्यंत तरी तेवढाच होता.

पाया खणायला घेतला. तीन कोपरे मुरूम लागेपर्यंत, म्हणजे कमरेइतके खोल गेले. चौथा, ईशान्येचा, गुडघ्याइतका झाला तेव्हा मी सहज पहार हातात घेऊन मारून पाहिली. एरवी जमिनीतून ठक्क असा आवाज यायचा. इथे धप्प आला. जणू रिकाम्या रांजणावर थाप मारावी. पुन्हा मारली, पुन्हा धप्प. खाली पोकळ होतं. आता शहाण्या माणसानं काय करावं? मिस्त्रीला हाक मारावी. मी आजूबाजूला पाहिलं, पहार बाजूला ठेवली आणि कपाळाचा घाम पुसत म्हणालो, "एवढा कोपरा पुरे."

जुन्या मालकाची जागा, जमिनीखाली पोकळी, आणि आवाज ऐकणारा मी एकटा. याचा अर्थ गुप्तधन नाही तर दुसरा काय असणार? लहानपणापासून ऐकलेले सगळे हंडे माझ्या डोळ्यांसमोर ओळीनं उभे राहिले.

मिस्त्री आमचा जुना माणूस. त्यानं विचारलं, "काहून मास्तर? बाकीचे कोपरे कमरेइतके अन् हा गुडघ्याइतकाच?"

"ईशान्य कोपरा हलका ठेवावा," मी म्हणालो, "शास्त्रात सांगितलं आहे."

"कोन्त्या शास्त्रात?"

"संस्कृतात आहे ते. तुला सांगून काय कळणार?"

त्यानं कानाला हात लावला. पुढे त्यानं अर्ध्या गावाला सांगितलं की आपल्या मास्तरचं ज्ञान लय खोल आहे. मास्तरचा पाया उथळ आहे, हे मात्र त्यालाही दिसलं होतं, पण शास्त्रापुढे तो बिचारा काय बोलणार.

मग मी मारुतीशी बोलणी सुरू केली. पहिल्या शनिवारी म्हणालो, जे निघेल त्यातलं अर्धं तुझं, देवळाला पक्कं छप्पर घालतो. दुसऱ्या शनिवारी वाटलं, अर्धं जरा जास्तच होतं, माझं कुटुंब आहे. पाव हिश्श्यावर आलो. पुढे भिंती वर चढत गेल्या तसा देवाचा वाटा खाली उतरत गेला. शेवटी शेंदराचा एक नवा लेप आणि पंचवीस नारळ, एवढ्यावर येऊन ठेपलो. मारुती काही बोलला नाही. मी ते संमती समजलो.

खणायचं ते बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजूर बोरीला जात आणि बांधकामावर चिटपाखरू नसे. पहिल्या बाजाराला टिकास घेऊन निघालो तर दारात मेव्हण्याची बैलगाडी उभी. सासरची सात माणसं घर पाहायला आलेली. शास्त्रातला म्हणून त्यांनी आधी ईशान्य कोपराच पाहिला. दिवसभर ती माणसं त्या कोपऱ्यात उभी राहून हवा किती छान येते ते सांगत होती. दुसऱ्या बाजाराला एकटा सापडलो. पहार डोक्यावर उचलली, मारुतीचं नाव घेतलं आणि पहिलाच घाव उजव्या पायाच्या अंगठ्यावर घेतला. महिनाभर लंगडलो. शाळेत सांगितलं, बैलानं पाय दिला. आमच्याकडे बैल नव्हता.

अंगठा बरा होईपर्यंत वर छप्पर आलं, कवेलू बसले. तिसऱ्या खेपेला, बाजाराच्याच दिवशी, जाऊन पाहतो तर त्याच कोपऱ्यात घोंगडी टाकून माय बसलेली. हातात जपमाळ, शेजारी पाण्याचा लोटा.

"माय, इथं काहून बसली?"

"इथं गार लागते बापू. साऱ्या घरात एवढीच जागा गार हाय. आता माहा जप रोज इथंच."

आणि खरंच रोज. जेवण झालं की राहत्या ओसरीवरून काठी टेकत ती यायची, उन्हं कलेपर्यंत हलायची नाही. मी रोज जाऊन गोड आवाजात म्हणायचो, "माय, दमली असशील, घरी जाऊन जराशी पड." ती गावभर सांगायची की पोरगा निघावा तर असा, तासातासाला चौकशी करतो. मी मारुतीवर मात्र रुसलो. तीन वेळा मागितलं, तीन वेळा हात झटकले. तेलाची पळी अर्धी केली. नंतर दोन शनिवार गेलोच नाही.

वास्तुपूजन चार दिवसांवर आलं. मिस्त्रीनं आत मुरूम पसरून भरपूर पाणी सोडलं आणि धुमसानं जमीन ठोकून पक्की केली. शास्त्राचा मान राखून ईशान्य कोपरा तेवढा हलक्या हातानं ठोकला. दुसरा दिवस बाजाराचा. दुपारी मी अंगणात पूजेच्या सामानाची यादी करत बसलो होतो, बायको चुलीसाठी माती मळत होती. तेवढ्यात पलीकडच्या बंजारा तांड्यावरचे एक म्हातारे नायक, म्हणजे तांड्याचे पुढारी, बैलाचा कासरा धरून आले. डोक्याला लाल पागोटं, पाठीत थोडा बाक. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. निंबाखाली बैल बांधून त्यांनी पाणी मागितलं. बायकोनं गूळ आणि पाणी दिलं. पाणी पिऊन ते घराकडे बघत राहिले.

"हे खळं होतं ना मालकाचं?"

"होय बाबा. तुम्हाला कसं माहीत?"

"माहा बाप इथून जवारी लादत जाये बैलाईवर. लहान होतो, मी बी ये संग. चार पेवं होते इथं."

पेव म्हणजे धान्याचं भुयार. तोंड सुपाएवढं, आत पोट मात्र विहिरीसारखं. खाली कडबा अंथरून ज्वारी ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. मी पेवाबद्दल मुलांना चौथीत शिकवत होतो. शिकवताना माझ्या डोक्यात एकदाही काही वाजलं नाही.

"तीन बुजवले," नायक म्हणाले. "आमच्याच लोकाईनं दगड टाकले. चौथं तसंच राह्यलं. तुमी बुजवलं असंल ना?"

माझ्या हातातली यादी खाली पडली. "कुठं होतं ते?"

ते उठले. निंबापासून उगवतीच्या अंगानं एक एक पाऊल मोजत चालू लागले आणि थेट ईशान्येच्या भिंतीला नाक लावून उभे राहिले. भिंतीच्या आतून मायच्या पुटपुटण्याचा आवाज येत होता.

मी धावलो. दारात उभा राहून म्हणालो, "माय, ऊठ."

तिनं डोळे न उघडता एक बोट वर केलं. माळ पुरी झाल्याशिवाय ती बोलत नसे, उठत तर नसेच. तिला हाताला धरून ओढावं तर मीही त्याच जागेवर जाऊन उभा राहणार, आणि कालच्या पाण्यानं ती जमीन भिजलेली.

"माय, खाली पोकळ आहे. पेव आहे. ऊठ."

एक डोळा उघडला. "कोनं सांगतलं?"

"बाहेर बाबा आलेत, त्यांनी."

"लोक कायबी सांगतात. माळ होऊ दे." डोळा मिटला.

मग मात्र मला खरं बोलावं लागलं. मागे बायको उभी, नायक उभे, आणि बाजारातून लवकर परतलेला, आवाज ऐकून आलेला मिस्त्रीही उभा. "माय, मला पहिल्यापासून माहीत आहे," मी म्हणालो. "पाया खणतानाच आवाज आला होता. मला वाटलं गुप्तधन आहे, म्हणून कोणाला सांगितलं नाही. शास्त्र वगैरे सगळं खोटं. पेव आहे हे मला नव्हतं कळलं."

मायचे दोन्ही डोळे उघडले. माळ थांबली.

"म्हनजे," ती सावकाश म्हणाली, "रोज येऊन मले घरी जाऊन पड, घरी जाऊन पड म्हने, ते यासाठी?"

"होय माय," मी म्हणालो.

"अन् मी साऱ्या गावाले सांगून राह्यली, माहा पोरगा श्रावनबाळ हाय म्हून." तिनं भिंतीला टेकवलेली काठी उचलली. ज्या गुडघ्यांना रोज दोन माणसं उठवायला लागत, ते आपले आपण उठले. "थांब तू. हलू नको तिथून."

मी हललो. मागे मागे अंगणात आलो. ती काठी उगारून माझ्यामागे उंबऱ्याबाहेर आली आणि पहिली काठी माझ्या खांद्यावर बसली. दुसरी बसायच्या आत घरातून एक खोल आवाज आला, मोठ्या जनावरानं बसताना सोडावा तसा निःश्वास. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. धूळ बसल्यावर पाहिलं तर कोपऱ्यात जमीन नव्हती. घोंगडी गेली, लोटा गेला, भिंतीचा खालचा भाग गेला. छप्पर सागाच्या खांबांवर होतं म्हणून तेवढं वर राहिलं.

माय काठी खाली टेकून त्या खड्ड्याकडे पाहत राहिली. मग अंगणातच बसली, हातातली माळ चाचपली आणि म्हणाली, "किती झाले होते कोन जाने. आता पह्यल्यापासून." आणि पहिल्या मण्यापासून सुरुवात केली. मी तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो. तिनं जप न थांबवता डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. उजव्या हातात माळ होती, नाहीतर त्यात काठी असती.

नायकांनी कंदील मागितला. मला वाटलं, खाली वाकून पाहायचं असेल. मी उतरायलाही निघालो होतो, लोटा तरी काढू म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं, पेटता कंदील दोरीनं खड्ड्यात सोडला. पुरुषभर खाली गेला असेल नसेल, पाण्यात बुडवावा तसा विझला. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला.

"कुजक्या धान्याची हवा हाय," ते म्हणाले. "यात मानूस गेला का गेला. धन भेटतं का नाही ते माहीत नाही मास्तर, पन तुमी काही वर येत नव्हते."

एकटा असताना, कोणाला न सांगता मी त्यात उतरणार होतो. तीनदा निघालो होतो. एकदा मेव्हण्याची गाडी आडवी आली, एकदा पहार अंगठ्यावर आली, आणि तिसऱ्यांदा खुद्द माय येऊन त्या तोंडावर बसली ती उठलीच नाही. आणि मी या तिन्हींबद्दल मारुतीचं तेल कापलं होतं.

पुढचं सरळ आहे. गावानं दोन दिवस टोपल्यांनी दगड-मुरूम ओतला. मिस्त्रीनं कोपरा नव्यानं, कमरेइतका खणून बांधला. शेवटचा दगड बसवताना म्हणाला, "मास्तर, आता हे जड झालं. संस्कृतात चालंन ना?" वास्तुपूजन पंधरा दिवसांनी झालं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मायनं दार लोटलं आणि आतून कडी लावली. मग काढली. पुन्हा लावली.

नायकांना शोधत मी तांड्यावर गेलो, नारळ आणि लुगडं-धोतर घेऊन. मला वाटलं होतं तसा माणूस तिथे नाहीच असं निघेल. पण ते खाटेवर बसून वाती वळत होते. मी पाया पडायला वाकलो तर संकोचले. "मी का तुमच्यासाठी आलतो का मास्तर? बैलाचा नाल पडला. सडकेचे दगड टोचत होते त्याले, म्हून मऊ वाटेनं तुमच्याकून आलो. एरवी मी त्या रस्त्यानं येत नाही." यात चमत्कार आहे की नाही, हे मी आजवर कोणाशी वाद घालून ठरवलेलं नाही. बैलाचा नाल कुठे पडावा, हे माझ्या हातात नव्हतं एवढं नक्की.

माय पुढे पुष्कळ वर्षं त्याच कोपऱ्यात जपाला बसली. भर घातल्यापासून तिथे पूर्वीसारखं गार लागत नाही, अशी तिची तक्रार असे, म्हणून सुट्टीच्या दुपारी मी शेजारी बसून पंखा हलवत असे. शनिवारी तेलाची पूर्ण पळी घालतो. मागणं आता फार सुचत नाही. काय मागावं हे मला कळतं, असा माझा समज त्या कंदिलाबरोबर विझला. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्या दिवसापासून वाकडंच वाढतं. देवळात हात जोडून मान खाली घातली की मारुतीच्या पायांआधी मला ते नख दिसतं. पहिला नमस्कार त्यालाच होतो. मारुतीला ते चालत असावं, कारण ते त्यानंच केलेलं आहे.