सात्यांचा डबा

सेलूच्या महिला मंडळात एकदा भूछत्रांवर भाषण होतं. शहरातून आलेल्या बाई फळ्यावर फायदे लिहीत होत्या. ताकद येते, रक्त वाढतं, आजारी माणसाला चालतं. सगळ्या जणी वहीत उतरवून घेत होत्या आणि मी चपला शोधत होते. शेजारणीने पदर ओढून खाली बसवलं, तर पाच मिनिटांत मी पुन्हा उठले. बाई काही चुकीचं सांगत नव्हत्या. मलाच ते ऐकवत नव्हतं.

आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर पांढरी भूछत्रं उगवतात, त्यांना सात्या म्हणतात. ही त्या भाषणाच्या आठ-दहा वर्षं आधीची गोष्ट. मी वर्ध्याला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि पिपरी मेघ्याला दोन खोल्यांत एकटीच राहत होते. आई आधीच गेली होती. बाबांना क्षय झाल्याचं कळलं, तसं मी त्यांना गावावरून माझ्याकडे आणलं. दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. दीड वर्ष एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबा जेवतच नव्हते. चतकोर भाकर अर्धा तास चिवडत बसायचे. मी समोर बसून त्यांचे घास मोजायची आणि चिडायची. मग चिडल्याचा पश्चात्ताप होऊन रात्रभर कूस बदलत राहायची.

आषाढात त्यांनी तोंडाने एकच गोष्ट मागितली, सात्या. गावात आमच्या शेतात निंदणाला, तण काढायला येणारी एक म्हातारी होती. तिचं वारूळ ठरलेलं होतं. अशी जागा कुणी कुणाला सांगत नाही, फार तर लेकीला. तोडताना बोलायचं नाही, आणि चार-दोन पुऱ्या उमललेल्या तिथेच सोडायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मी दर रविवारी एस.टी.ने गावी जायची आणि ती पळसाच्या पानात सात्या बांधून द्यायची. पहिल्याच दिवशी तिने मला थांबवून सांगितलं होतं.

"सात्या खावाले असते, बाई. दवाई दवाईच्या जागी राहू दे."

मी हो म्हटलं. माझं लक्ष एस.टी.कडे होतं.

कांदा-लसणाची फोडणी, थोडं तिखट, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. त्या दिवशी बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढे त्यांचं वजन वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं. गोळ्याही रोज चालूच होत्या, पण गोळ्यांचं कौतुक कोण करतं? मी शाळेत, शेजारीपाजारी, खुद्द बाबांसमोरही सांगत सुटले की त्यांना सात्यांनी उठवलं. "आता दवाखाना बंद करा आणि वारूळ उघडा," असं त्यांना चिडवायचीसुद्धा. उरलेल्या सात्या उन्हात वाळवून एका डब्यात भरल्या. डबा बाबांच्या उशाशी असायचा. रोज चिमूटभर वरणात घालून ते खायचे.

थंडीत खोकला परत आला. मी दोष दिला थंडीला, चुलीच्या धुराला, पलीकडच्या बांधकामाच्या धुळीला. एका सकाळी त्यांच्या रुमालावर रक्त दिसलं. त्यांना दवाखान्यात न्यायला सामान भरताना मी तो डबा उघडला. सात्या संपत आल्या होत्या. तळाशी गोळ्या होत्या. चिमूटभर सात्या काढायच्या आणि त्या जागी गोळी टाकायची, असं त्यांनी दिवाळीपासून चालवलं होतं.

हे यांना कुणी सांगितलं, असं डॉक्टरांनी कडक आवाजात विचारलं. मी क्षणभरही थांबले नाही. गावातल्या एका म्हातारीने, म्हटलं. तेवढ्यावर भागलं नाही. शेत पाहणाऱ्या काकांना निरोप धाडला की तिला पुन्हा निंदणाला बोलावू नका. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

औषधं बदलली, रोजची इंजेक्शनं सुरू झाली. बाबा सावरले, पण हळूहळू. पुढचा आषाढ आला आणि त्यांनी पुन्हा सात्या मागितल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या म्हातारीमुळेच हे सगळं झालं, आता तिचं नाव काढू नका, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले,

"तिले मी पाह्यलंच कुठी? मले त तूच म्हनलं, सात्याइनं उठवलं."

ते रागावले नव्हते. आठवण करून द्यावी तसं बोलले होते. मी भांडी घासायला घेतली आणि तीच ताटली कितीतरी वेळ घासत राहिले.

रविवारी मी तिच्या घरी गेले. डॉक्टरांना काय सांगितलं, काकांना काय कळवलं, सगळं सांगून टाकलं. ती तूर निवडत होती. हात न थांबवता तिने बाप बरा आहे का, एवढंच विचारलं. बरे आहेत म्हटल्यावर उठून बाहेर गेली आणि घटकाभराने पळसाच्या पानातली पुडी घेऊन आली. पुढच्या वेळी मीच तुझ्यासोबत तोडायला येते, तेवढाच तुझा त्रास वाचेल, असं मी म्हणाले.

"जागा लेकीले सांगतो मी," ती म्हणाली. "तुले नाई सांगत."

त्यानंतर घरी नियमच झाला. आधी गोळी, मग आ करून रिकामं तोंड दाखवायचं, मग सात्या. बाबा मुकाट्याने आ करायचे. ते बरे झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले.

काकांना मात्र मी खरं सांगितलं नाही. रविवारी तिच्याकडून पुडी घ्यायची, एस.टी. पकडायची, सांगू पुढच्या रविवारी म्हणायचं, असे तीन पावसाळे गेले. शेवटी चौथ्या पावसाळ्याच्या तोंडावर एकदाचं सांगितलं, तेव्हा काका म्हणाले की मग यंदा तिला बोलावू निंदणाला. आणि लगेच त्यांनाच आठवलं, ती उन्हाळ्यातच गेली होती.