युनिफॉर्म धुतल्याचा पुरावा

आमच्या कंपनीतला सगळ्यात पांढरा युनिफॉर्म माझा होता आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं. तो माझे सासरे धुवायचे.

आप्पांची मेंढरं होती तेव्हा कातरणीआधी ते ती नदीत उभी करून रिठ्यानं धूत. पुढं गुडघे गेले, मेंढरं विकली, पण हातांना चैन पडेना. मग त्यांनी माझा युनिफॉर्म धरला! ("ह्ये बरं हाय. पळून जात न्हाई.") रिठा, धोपाटणं आणि आमच्या गावचं, कवठ्याचं, कडक ऊन. त्या कापडाला असा वास यायचा, की कंपनीच्या बसमध्ये डुलकी लागली तरी अंगणातच झोपल्यासारखं वाटायचं.

घोळ झाला तो अकाउंटच्या मॅडममुळं.

"युनिफॉर्म भत्त्यावरचा टॅक्स वाचवायचाय ना? मग धुलाईची बिलं द्या."

"घरीच धुतात हो."

"कोण?"

"सासरे."

मॅडमनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "नशीब काढलंत! पण बिल लागेलच."

मी गुपचूप युनिफॉर्म शिरूरच्या लाँड्रीत टाकला. संध्याकाळी घरी आले तर आप्पा धुण्याच्या दगडाशी नुसतेच बसलेले.

"पोरी, युनिफॉर्म कुठं हाय?"

"लाँड्रीत दिलाय, आप्पा."

"का गं? माझ्या हातनं डाग ऱ्हायला व्हय?"

मी घाईघाईनं टॅक्स, भत्ता, बिल सगळं समजावलं.

"म्हंजी मी धुतो ह्याचा पुरावा पायजे. येवढंच न्हवं?" आप्पा एकदम खुलले आणि दोन भाकरी जास्त जेवले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटवरून बोलावणं आलं. बघते तर फेटा बांधून आप्पा उभे! एका हातात धोपाटणं, दुसऱ्या हातात रिठ्याची पिशवी.

"पुरावा आलाय," ते सिक्युरिटीला सांगत होते.

मी अडवेपर्यंत ते अकाउंटमध्ये शिरले. मॅडमच्या खुर्चीवरचा काळपट टॉवेल त्यांनी उचलला, बागेतल्या नळाखाली घेतला आणि दणादण धोपटायला सुरुवात केली. अख्खी कंपनी खिडक्यांना लागली. टॉवेल पांढरा झाला. इतकंच नाही, त्याच्यावर गुलाबाची फुलं निघाली! (ती तिथं होती हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं.) मग काय, जो तो आपल्या खुर्चीचा टॉवेल घेऊन रांगेत! मोठे साहेबसुद्धा!

"आप्पा, टॉवेल झकास निघाला," मॅडम म्हणाल्या. "पण बिल?"

"आवो, मी सोता आलोय की! बिल कशाला?"

त्या वर्षी माझा टॅक्स पुरेपूर कापला गेला. आप्पा मात्र वर्षभर गावाला सांगत होते, "कंपनीनं पुरावा मानला."

पुढं लेकीच्या शाळेसाठी आम्ही शिरूरला खोली घेतली. आप्पा काही आले नाहीत. "मोरीत कुठं धुणं हुतंय व्हय?" म्हणाले. आता युनिफॉर्म लाँड्रीत जातो, बिलं पक्की मिळतात, सवलतही मिळते. पण बसमध्ये डोळा लागला की जाग येते ती बसमध्येच. अंगण काही लागत नाही. आप्पांची इतकी आठवण येते, की त्या पांढऱ्याशुभ्र कापडाचा राग येतो.

म्हणून आता सुट्टीला गावी जाताना मी लाँड्रीतून आलेला युनिफॉर्म बरोबर घेते. एस.टी.तून उतरले की आधी बांधाआड जायचं, तो मातीत चांगला लोळवायचा, पायानं दोनदा तुडवायचा आणि मगच घरात शिरायचं. मागच्या खेपेलाही तसंच केलं.

"आप्पा, बघा ना काय दशा झालीय! लाँड्रीवाल्यांना जमतच नाही."

आप्पांनी युनिफॉर्म उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. कॉलरला लाँड्रीची चिठ्ठी टाचणीसकट तशीच डुलत होती!

आप्पांनी टाचणी हळूच काढून माझ्या हातावर ठेवली.

"पोरी, फुडल्या बारीला मातीत घालायच्या आधी ही काढत जा," ते म्हणाले. "माझ्या हाताला लागंल."